सेंट स्टीफन्स चॅपलच्या काचा गेल्या, पण कारागिरांचे शब्द हिशोबात राहिले

इंग्रजीतले काचकामाचे जुने शब्द कुठून आले असं विचारलं की लोक लगेच डिक्शनरी उघडतात, आणि तिथं मिळतं काय तर एक ओळ, जर्मानिक मूळ, फ्रेंच मूळ, बस्स. मला यापेक्षा एकच प्रकरण धरून त्यात खोलवर जायला आवडतं. तसं एक प्रकरण आहे, वेस्टमिन्स्टरच्या राजवाड्यातलं सेंट स्टीफन्स चॅपल आणि 1351-52 मध्ये तिथं झालेलं खिडक्यांचं काम. त्या खिडक्या आज जागेवर नाहीत, चॅपलपण नाही. पण कामाचा हिशोब शिल्लक आहे, आणि त्या हिशोबात असे शब्द आहेत की जे त्या काळच्या कुठल्या विद्वानाने मुद्दाम लिहून ठेवलेच नसते.

आधी जागेबद्दल. पहिल्या एडवर्डने 1292 मध्ये हे चॅपल नव्यानं बांधायला काढलं, डोळ्यासमोर पॅरिसचं सँत शापेल होतं, म्हणजे दोन मजली, वरचा मजला राजघराण्याचा आणि भिंतींपेक्षा खिडक्याच मोठ्या. पैसे संपले, लढाया आल्या, काम रखडलं, आणि पूर्ण व्हायला आलं तेव्हा नातू तिसरा एडवर्ड गादीवर होता. त्याने 1348च्या ऑगस्टमध्ये तिथं धर्मगुरूंचं कॉलेज स्थापन केलं. त्याच वर्षी इंग्लंडात प्लेग शिरला. गावंच्या गावं ओस पडली, कामाला माणसं मिळेनात, जी उरली ती जास्त मजुरी मागायला लागली, म्हणून सरकारने 1349 मध्ये वटहुकूम आणि 1351 मध्ये कायदाच केला की मजुरी इतकीच द्यायची, वर एक पेनी नाही. अशा वेळी राजाला चॅपल सजवायचं होतं. भिंतीवरच्या चित्रांसाठी ह्यू ऑफ सेंट ऑल्बन्स हा चित्रकार, आणि खिडक्यांसाठी काचकारागीर, त्यांनापण राजाच्या हुकुमाने वेगवेगळ्या परगण्यांतून उचलून आणलं. नाही म्हणायची सोय नव्हती.

आता त्या मजुरीकडे बघा, कारण तिथूनच कळतं की ही माणसं कोण होती. 1351च्या कायद्यात घडीव दगडाच्या मुख्य गवंड्याला दिवसाला 4 पेन्स ठरवलेत, मुख्य सुताराला 3. आणि सेंट स्टीफन्सच्या हिशोबात जॉन द चेस्टर आणि त्याच्या बरोबरीचे जे मुख्य काचकारागीर आहेत, म्हणजे जॉन अ‍ॅथेलार्ड, जॉन लिंकन, ह्यू लिचफील्ड, सायमन द लेन वगैरे, त्यांना दिवसाला 12 पेन्स. एक आख्खा शिलिंग! हे लोक खिडकीतल्या आकृत्यांचं ड्रॉइंग काढायचे, त्यांच्या खाली काचेवर रंगवणारे, त्यांच्या खाली काच कापणारे-जोडणारे, आणि सगळ्यात खाली रंग कुटणारे-घोटणारे, अशी उतरती भाजणी. नावांत गावं आहेत बघा, चेस्टर, लिंकन, लिचफील्ड, लेन, म्हणजे उत्तरेकडची, मधली आणि पूर्वेकडची अशी सगळीकडची बोली एका शेडमध्ये जमलेली. भाषेच्या दृष्टीने ही फार मोठी गोष्ट आहे, कारण चौदाव्या शतकात इंग्लंडातली इंग्रजी एकसारखी नव्हतीच, उत्तरेच्या माणसाचं दक्षिणेच्या माणसाला धड कळायचं नाही.

आणि यांचा हिशोब लिहिणारा कारकून? तो लॅटिनमध्ये लिहायचा. सरकारी हिशोब लॅटिनमध्ये, दरबारात आणि कोर्टात फ्रेंच, आणि कामावर इंग्रजी, असा तिहेरी कारभार होता (कोर्टात तोंडी कामकाज इंग्रजीत चालवायचा कायदा 1362 मध्ये आला, म्हणजे या कामानंतर दहा वर्षांनी). कारकुनाला काच म्हणजे विट्रुम माहीत, टेबल म्हणजे ताबुला माहीत, मजुरीचे दिवस लिहायला क्रियापदं माहीत. पण कारागीर येऊन सांगतो की अमुक खिळे पाहिजेत, तमुक हत्यार पाहिजे, त्याला लॅटिन शब्द कुठून आणणार? मग त्याने कानावर पडला तसा शब्द लिहून टाकला. माझं सगळं म्हणणं इथंच आहे, की काचकामाची खरी इंग्रजी आपल्यापर्यंत आली ती कवींमुळे किंवा पंडितांमुळे कमी, आणि ज्याला लॅटिन अपुरं पडलं त्या हिशोबनीसामुळे जास्त.

दोन शब्द घेऊ. हिशोबात 'क्रॉयसूर्स' अशा नावाचं हत्यार विकत घेतल्याची नोंद आहे. तेव्हा काच कापायला हिऱ्याची कणी वापरत नसत, तापवलेली लोखंडी सळई काचेवर फिरवायची, तडा जायचा, काच साधारण हव्या त्या आकारात तुटायची. पण कड वेडीवाकडी राहायची, ती नीट करायला टोकाला खाच असलेलं लोखंडी हत्यार घेऊन कडेचा एकेक कण मोडत जायचं. कुरतडल्यासारखं. तेच हे क्रॉयसूर. पुढे इंग्रजीत त्याला ग्रोझिंग आयर्न म्हणायला लागले आणि आज स्टेन्ड ग्लास करणाऱ्याच्या टेबलावर असतो तो ग्रोझिंग पक्कड, शब्द तोच. डच भाषेत ग्राउस म्हणजे बारीक खडी, भुगा, त्याच घराण्यातला हा शब्द धरतात, आणि ते पटतं, कारण लोकर आणि कापडाच्या व्यापारामुळे फ्लँडर्सच्या, म्हणजे आजच्या बेल्जियमकडच्या, लोकांची इंग्लंडात सतत ये-जा होती. जुन्या खिडक्यांतल्या काचेची कड शिशातून सोडवून बघितली तर त्या कुरतडल्याच्या बारीक बारीक खुणा अजून दिसतात, आणि खिडकीची दुरुस्ती करणारे लोक त्याच खुणांवरून ठरवतात की हा तुकडा मूळचा आहे की नंतर हिऱ्याने कापून घातलेला.

दुसरा शब्द 'क्लोरिंग नेल्स'. खिळे. पण हे भिंतीत ठोकायचे नाहीत. टेबलावर ड्रॉइंगप्रमाणे काचेचे तुकडे मांडत जायचे, मध्ये शिशाच्या पट्ट्या बसवायच्या, आणि डाग देईपर्यंत सगळं जागचं हलू नये म्हणून कडेकडेनं हे खिळे तात्पुरते टोचून ठेवायचे. एवढं बारीक काम, एवढ्याशा खिळ्याला वेगळं नाव, आणि ते नाव राजाच्या हिशोबात! आजचे कारागीरही याच कामाला खिळेच वापरतात.

टेबलाची गोष्ट तर मला सगळ्यात जास्त आवडते. त्या काळी कागद इंग्लंडात दुर्मिळ, चामड्याचा कागद महाग, मग एवढ्या मोठ्या खिडकीचं पूर्ण मापाचं ड्रॉइंग काढायचं कशावर? लाकडी फळ्यांवर. फळी चुन्याने-खडूने पांढरी करायची, त्यावर शिशाने किंवा कोळशाने आकृती, पट्ट्यांच्या रेषा, कुठं लाल, कुठं निळा याच्या खुणा, आणि त्याच फळीवर काच ठेवून कापायची, रंगवायची, जोडायची. हिशोबात मजुरांचं वर्णनपण तसंच आहे, रंगवलेल्या टेबलांवर काच 'मोडणारे आणि जोडणारे'. मोडणारे! कापणारे नाही, कारण खरंच मोडायचेच. आणि या टेबलांसाठी पुन्हा पुन्हा एक खरेदी दिसते, ती म्हणजे बियरची, त्या काळची एल. पिण्यासाठी नाही हो, टेबल धुवून तयार करण्यासाठी. एलमधला चिकटपणा खडूला फळीवर धरून ठेवतो. एक खिडकी झाली की फळी पुसायची, परत पांढरी करायची, पुढचं ड्रॉइंग. त्यामुळे अशा फळ्या टिकत नाहीत, पण स्पेनमध्ये गिरोनाला चौदाव्या शतकातल्या दोन सापडल्यात, त्यांच्यावर रेषा आणि खिळ्यांची भोकं अजून आहेत. सेंट स्टीफन्सचा हिशोब आणि गिरोनाच्या फळ्या शेजारी शेजारी ठेवल्या की हिशोबातली एकेक नोंद कशासाठी होती ते हाताने दाखवल्यासारखं कळतं.

रंगांची नावं मात्र इंग्रजी नाहीत, ती फ्रेंचच्या वाटेने आलेली. 'आर्नमेंट' म्हणजे काळा, लॅटिनमध्ये शाईला आत्रामेंटुम म्हणत त्याचा फ्रेंचमध्ये झिजलेला अवतार. 'गीत' हासुद्धा रंगकामातलाच. 'गोम अरबिक' म्हणजे बाभळीच्या जातीचा डिंक, रंग काचेला धरावा म्हणून. आणि चांदीचा कीस. चांदी कशाला? तर चांदीचं संयुग काचेच्या मागच्या बाजूला लावून भट्टीत घातलं की काच पिवळी होते, रंग वर बसत नाही, काचेतच उतरतो. ही युक्ती युरोपात चौदाव्या शतकाच्या सुरुवातीची, म्हणजे 1351 ला तशी नवीनच. पुढे इंग्रजीत सगळ्याच रंगीत खिडक्यांना स्टेन्ड ग्लास म्हणायची पद्धत पडली, पण डाग देऊन रंगवलेली अशी खरी तर ही चांदीवालीच, बाकीच्या काचेत रंग भट्टीतल्या हंडीतच मिसळलेला असतो.

काच कुठून आली हेपण हिशोबात आहे. पांढरी काच सरेमधल्या चिडिंगफोल्डहून, जॉन अलेमेन याच्याकडून घेतली, 303 वे. 'वे' हे वजन, एक वे म्हणजे 5 पौंड, आणि 24 वे झाले की एक 'शंभर'. आता 24 गुणिले 5 किती? 120. म्हणजे काचेच्या बाजारात शंभर म्हणजे एकशेवीस! हा जुना जर्मानिक मोठा शेकडा, इंग्लंडात बऱ्याच मालाला लागू होता, आणि कारकुनाने तो मुद्दाम खुलासा करून लिहिलाय, म्हणजे त्यालाही वाटलं असणार की वाचणाऱ्याचा घोळ होईल. 303 वे म्हणजे 1515 पौंड, आपल्या हिशोबाने जवळपास 690 किलो काच.

चिडिंगफोल्ड म्हणजे दक्षिण इंग्लंडातलं वील्डचं जंगल. तिथं वाळू, जळण आणि राख मिळायची. बीचच्या झाडांची आणि नेच्यांची राख वाळूत मिसळून वितळवली की जी काच होते ती किंचित हिरवट असते, तरी तिला पांढरी म्हणायचे, कारण पांढरी म्हणजे इथं फक्त 'रंग न घातलेली'. या भागात तेराव्या शतकाच्या पूर्वार्धातच लॉरेन्स विट्रेआरियस नावाचा काचवाला दिसतो, विट्रेआरियस हे आडनाव नाही, धंदा. आणि जॉनचं अलेमेन म्हणजे जर्मन मुलखातला. इंग्लंडात रंगीत काच बनत नव्हती, ती समुद्रापलीकडून यायची आणि पांढरीपेक्षा कितीतरी महाग पडायची. म्हणजे काच करणारा परदेशी मुळाचा, रंगीत काच परदेशी, रंगांची नावं फ्रेंच, हत्याराचं नाव डचच्या शेजारचं, हिशोब लॅटिन. मग यात इंग्रजी काय?

'ग्लास' हा शब्द. तो मात्र फार जुना आहे. जुन्या इंग्रजीत ग्लॅस, काचेचा म्हणजे ग्लॅसेन, काचेचं भांडं म्हणजे ग्लॅसफॅट. मूळ धातूचा अर्थ चमकणं. रोमन इतिहासकार टॅसिटसने इसवी सन 98 च्या सुमाराला लिहिलंय की बाल्टिक किनाऱ्यावरचे लोक अंबरला, म्हणजे त्या पिवळ्या पारदर्शक राळेला, ग्लेसुम म्हणतात. म्हणजे काच या लोकांच्या हातात नीट येण्याआधी शब्द होता, चमकणाऱ्या अंबरसाठी, आणि रोमन व्यापाऱ्यांची काच आली तेव्हा तोच शब्द तिला चिकटला. लॅटिन विट्रुमची गंमत वेगळीच, त्याच शब्दाने निळीसारखा रंग देणारी वोड नावाची वनस्पतीपण ओळखली जायची, आणि सीझरने लिहिलंय की ब्रिटनचे लोक अंगाला विट्रुम फासून लढाईत उतरतात, तिथं अर्थ हाच घेतात.

पण ग्लॅस हा भांड्यांचा आणि मण्यांचा शब्द होता, खिडकीचा नव्हता. खिडकीला जुन्या इंग्रजीत शब्द होते ते 'डोळ्याचं भोक' आणि 'डोळ्याचं दार' अशा अर्थाचे, एआगथ्यूरेल आणि एआगदुरू. काच नाहीच त्यात. मग नॉर्स लोक, म्हणजे व्हायकिंग, आले आणि त्यांचा विंदाउगा, वाऱ्याचा डोळा, इंग्रजीत विंडो होऊन बसला, यातही काच नाही. आपल्याकडे वातायन आणि गवाक्ष हे दोन्ही शब्द आहेत, एकात वारा आणि एकात डोळा, म्हणून मराठी माणसाला विंडोची ही फोड समजायला फार कष्ट पडत नाहीत. खिडकी म्हणजे मुळात हवेसाठी आणि बघण्यासाठी ठेवलेलं भोक, त्याला काच लावणं ही नंतरची चैन.

इंग्लंडात ती चैन चर्चमुळे आली. बीड या जुन्या इंग्रज भिक्षू-इतिहासकाराने लिहून ठेवलंय की बेनेडिक्ट बिस्कपने 674 ला वेअरमथचा मठ सुरू केला आणि काम संपत आलं तेव्हा गॉलला, म्हणजे आजच्या फ्रान्सकडे, माणसं पाठवून काच करणारे बोलावले, कारण ब्रिटनमध्ये ते काम कुणाला येत नव्हतं, आणि त्या लोकांनी खिडक्या तर केल्याच, शिवाय इंग्रजांना ते शिकवलंसुद्धा. दुर्दैव असं की बीडने हे लॅटिनमध्ये लिहिलं. त्या गॉलच्या कारागिराने शिकाऊ पोराला कुठलं हत्यार कुठल्या नावाने मागितलं, पोराने त्याला काय नाव पाडलं, यातलं काही आलं नाही. वेअरमथ आणि जॅरोच्या उत्खननात रंगीत काचेचे तुकडे ढिगाने मिळाले, शब्द एक नाही. बीड मोठा विद्वान होता, त्याला प्रत्येक गोष्टीला लॅटिन शब्द सुचायचा, म्हणूनच आपलं नुकसान झालं. वेस्टमिन्स्टरचा कारकून तेवढा विद्वान नव्हता म्हणून क्लोरिंग नेल्स राहिले. हे मी कारकुनाला कमी लेखायला म्हणत नाही, उलट ऐकलं तसं लिहायची त्याची सवय मला खूप मोलाची वाटते.

सेंट स्टीफन्सनंतर वीसेक वर्षांतच काचकामाचे शब्द कवितेतपण दिसायला लागतात. इंग्रज कवी चॉसरने 1370च्या आसपास एका स्वप्नातल्या खोलीचं वर्णन केलंय, तिच्या सगळ्या खिडक्यांना नीट काच लावलेली आणि काचेत ट्रॉयची सगळी कथा. लँगलंडच्या कवितेत एक भिक्षू श्रीमंत बाईला सांगतो की आमच्या चर्चच्या खिडकीचा काचेचा खर्च उचल, तिथं तुझं नाव कोरू, स्वर्ग पक्का. दोघांकडे ग्लेझ, म्हणजे काच लावणं, हे क्रियापद अगदी सहज येतं, म्हणजे वाचणाऱ्याला समजावून सांगायची गरज राहिली नव्हती. चॉसरकडेच दुसऱ्या एका ठिकाणी काचेला व्हेर म्हटलंय, तो सरळ फ्रेंच शब्द, ज्याचं डोकं काचेचं त्याने दगडांपासून जपावं अशा अर्थाच्या ओळीत, यमकासाठी. म्हणजे चौदाव्या शतकात दोन्ही शब्द शेजारी नांदत होते, धंद्याच्या नावांतसुद्धा, कुठं ग्लेझनराइट, कुठं व्हेरर. शेवटी ग्लेझियर टिकला, त्यात शब्द इंग्रजी आणि शेपूट फ्रेंच वळणाचं. आणि हा चॉसर नुसता कवी नव्हता, 1389 मध्ये त्याला राजाच्या बांधकामांचा मुख्य कारकून नेमलं, त्यात वेस्टमिन्स्टरचा राजवाडा होता. सेंट स्टीफन्सच्या आवाराची डागडुजी त्याच्या खात्यात आली. ज्या प्रकारच्या कागदांत क्रॉयसूर आणि क्लोरिंग नेल्स लिहिले जायचे तसलेच कागद दोनेक वर्षं त्याच्या हाताखालून गेलेत.

पुढची हकीगत लवकर सांगता येते. सहाव्या एडवर्डच्या काळात कॉलेज बंद झालं, चॅपल हाउस ऑफ कॉमन्सला बसायला मिळालं. खासदारांना रंगीत संत नको होते, भिंतींना लाकडी पॅनेल लागली, 1692 मध्ये क्रिस्टोफर रेन या वास्तुविशारदाने मोठ्या खिडक्या काढून साध्या लावल्या. 1800 मध्ये आयर्लंडचे सदस्य येणार म्हणून जागा वाढवताना पॅनेलमागची भिंतचित्रं उघडी पडली, तेव्हा जॉन थॉमस स्मिथने घाईघाईनं त्यांची चित्रं काढली आणि 1807 च्या आपल्या ग्रंथात या जुन्या हिशोबांतला मजकूरपण छापला. 16 ऑक्टोबर 1834 ला आग लागली आणि वरचा मजला गेला. खालचं तळघरातलं चॅपल तेवढं वाचलं.

हिशोबाच्या गुंडाळ्या राजवाड्यातल्या आगीत सापडल्या नाहीत, आज त्या लंडनजवळ क्यूच्या सरकारी दफ्तरात आहेत. 1920च्या दशकात एल. एफ. साल्झमनने काचकामाचा भाग नीट वाचून प्रसिद्ध केला आणि मग मध्ययुगीन इंग्रजीचे शब्द गोळा करणाऱ्यांना आणि काचेची दुरुस्ती करणाऱ्यांना, दोघांना एकच कागद उपयोगी पडायला लागला. असं सहसा होत नाही.

या हिशोबाची एक मर्यादापण आहे आणि तीही त्याच कारणातून आलीय. जिथं लॅटिन शब्द हाताशी होता तिथं कारकुनाने तोच लिहिला. काच विट्रुम, फळी ताबुला. म्हणजे जॉन द चेस्टर त्या पांढऱ्या फळीला काय म्हणायचा, आकृतीला काय म्हणायचा, हे या कागदात येत नाही. शिशाच्या पट्टीला आजचे इंग्रज केम म्हणतात आणि पत्त्यांतल्या चौकटच्या आकाराच्या छोट्या काचेला क्वारी, यातला क्वारी फ्रेंचमधून आलाय, चौकोनी या अर्थाचा, चौकोनी टोकाच्या बाणालापण त्याच घराण्यातला शब्द होता. केम लिखाणात बराच उशिरा दिसतो, पण शिशाच्या पट्ट्या तर बिस्कपच्या काळापासून. एवढी शतकं ती वस्तू बिननावाची कशी असेल? नाव होतंच, फक्त ते लिहायची कुणाला अडचण पडली नाही. म्हणून या विषयात शिरणाऱ्याने आधी चर्चचे आणि राजवाड्यांचे खर्चाचे कागद काढावेत, आणि त्यातही लॅटिन वाक्यात मध्येच फ्रेंच 'ले' किंवा 'ले'चं अनेकवचन दिसलं की थांबावं, कारण मध्ययुगीन कारकून बोलीतला शब्द लिहायच्या आधी बहुतेक वेळा तेच लावायचे.